‘कुमारी’ की ‘तरुणी’? यशयाच्या पुस्तकातला एक शब्द

प्रश्न असा आला आहे: मराठी बायबलात यशया ७:१४ मध्ये कुमारी गर्भवती होईल आणि तिला मुलगा होईल असं आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र नुसता ‘तरुणी’ असल्याचं वाचलं. मग ‘कुमारी’ हे भाषांतर चुकलं का?

ख्रिस्ती परंपरा ही ओळ येशू कुमारी मरियेच्या पोटी जन्मेल याची भविष्यवाणी मानते. मी श्रद्धावान नाही. येशूच्या जन्मकथेकडे संशयानेच पाहतो. पण आपल्या मताला सोयीचा अर्थ शब्दाच्या गळ्यात बांधणं मला पटत नाही, म्हणून आधी शब्दच पाहू.

मूळ शब्द ‘अल्मा’. त्याचं पुल्लिंगी रूप ‘एलेम’. दावीद गल्याथावर चालून जातो तेव्हा शौल राजा अबनेरला हा पोरगा कोणाचा याची चौकशी करायला सांगतो, तिथे ‘एलेम’ आलं आहे. त्यात आहे ते फक्त वय. ‘अल्मा’ही तशीच, वयात आलेली मुलगी. उत्पत्तीत रिबेकेला आणि निर्गमात मोशेच्या बहिणीला हाच शब्द आहे. अशी मुलगी सहसा लग्न न झालेली असायची, पण ते त्या काळच्या रीतीवरून कळतं. शब्द स्वतः ते सांगत नाही.

संशयवादी इथे हटकून म्हणतात की कौमार्यच सांगायचं असतं तर यशयाने ‘बेथूला’ हा शब्द वापरला असता. हा युक्तिवाद कच्चा आहे. उत्पत्ती २४:१६ मध्ये रिबेकेला ‘बेथूला’ म्हटल्यावरही तिचा पुरुषाशी संबंध आला नव्हता हे वेगळं सांगितलं आहे. योएल १:८ मधली ‘बेथूला’ तर तरुणपणीच्या नवऱ्यासाठी गोणपाट नेसून आक्रोश करते. म्हणजे तोही शब्द पक्का नाही.

इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास ज्यू भाषांतरकारांनी यशया ग्रीकमध्ये नेला आणि ‘अल्मा’च्या जागी ‘पार्थेनोस’ आला, ज्याचा अर्थ सहसा ‘कुमारी’ असा घेतात. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात (१:२३) तोच घेतला. त्याला कुमारीच म्हणायचं होतं, यात शंका नाही. पुढची-मागची सगळी कथा तेच सांगते. पण याच ग्रीक परंपरेत उत्पत्ती ३४:३ मध्ये दीनेला ‘पार्थेनोस’ म्हटलंय, आणि तेही शखेमाने तिच्यावर बळजबरी केल्यानंतर! पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अक्विलाने नवं ग्रीक भाषांतर केलं, तेव्हा त्याने ‘नेआनिस’, म्हणजे सरळ ‘तरुणी’, हा शब्द निवडला. वाद तेव्हापासूनचा आहे आणि तो अजून विझलेला नाही. १९५२ साली रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन या इंग्रजी बायबलने ‘तरुणी’ छापलं, तर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाद्र्याने ते पान लोकांसमोर जाळलं.

माझा खरा आक्षेप या एका शब्दावर नाहीच. यशयाचा सातवा अध्याय सलग वाचा. यहूदाचा राजा आहाज घाबरलेला आहे. अरामाचा रसीन आणि इस्राएलाचा पेकह हे दोघे मिळून यरुशलेमवर चालून आलेत. यशया त्याला चिन्ह देतो की मूल जन्मेल, आणि त्याला बरं-वाईट कळायच्या आत ज्या दोन राजांची तुला धास्ती आहे त्यांचा देश ओसाड पडेल (७:१६). दमास्कस पडलं इ.स.पूर्व ७३२ मध्ये. म्हणजे ही मुदत आहाजच्या हयातीतली. सातशे वर्षांनी जन्मणारं मूल त्या राजाला कसला धीर देणार? श्रद्धावान म्हणतात, भविष्यवाणी दोनदा पूर्ण होते. पण तसं या अध्यायात कुठे लिहिलेलं नाही, ते बाहेरून आणावं लागतं. अर्थात यामुळे कुमारीजन्माची श्रद्धा कोसळत नाही. लूक १:३४ मध्ये मरिया तेच सांगते, यशयाचा आधार न घेता.

आता मराठीकडे. ‘कुमारी’ हा आपला शब्दच दुतोंडी आहे. नावामागे ‘कु.’ लावतात ते लग्न झालेलं नाही एवढंच सांगायला. नवरात्रात कुमारिका जेवायला घालतात त्या लहान मुली. आणि ‘कुमारीमाता’ म्हणतो तेव्हा तर लग्नाविना आई झालेली बाई, म्हणजे कौमार्याचा प्रश्नच उरत नाही! कोकणीतही ‘आंकवार मरी’ म्हणतात आणि एरवी लग्न न झालेल्यालाही ‘आंकवार’च. संस्कृतात तर कन्येच्या, म्हणजे लग्न न झालेल्या मुलीच्या, मुलासाठी ‘कानीन’ असा शब्द घडवायला पाणिनीने खास सूत्र दिलंय. कर्ण तसा कानीन. नेमकं कौमार्यच म्हणायचं असेल तर धर्मशास्त्रात ‘अक्षतयोनी’ आहे, पण तो शब्द प्रार्थनेत कोण घेईल?

म्हणून मत्तयात ‘कुमारी’ राहू द्यावं. यशयात ते नको, कारण दोन्हीकडे एकच शब्द ठेवला की मत्तयाने केलेला अर्थ यशयाच्या तोंडी जातो आणि वाचकाला मध्ये काही घडलंय याचा पत्ताच लागत नाही. ‘उपवर मुलगी’ जवळचं आहे, पण त्यात लग्नाची वाट पाहणं येतं. मी ‘तरुणी’च घेईन. आणि एक बारीक गोष्ट: हिब्रूत ‘हा-अल्मा हारा’ असं आहे. ‘हा-’ म्हणजे ‘ती’, समोर दाखवावी तशी ठरावीक. ‘हारा’ हे विशेषण, गरोदर. उत्पत्ती १६:११ मध्ये देवदूत हागारेला तेच म्हणतो, आणि ती तेव्हा गरोदर आहेच. तेव्हा माझं मराठी असं होईल: ‘पाहा, ती तरुणी गरोदर आहे, तिला मुलगा होईल.’