बर्फात पहिल्यांदा जातोस, तर एवढं ऐक

भाऊ, डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखरावर निघालास, तर आधी कपड्यांचं बघ. आपण कापसाच्या मुलखातली माणसं, अंगात सुती बनियन असतंच. तिथे ते घालू नकोस. चढताना आलेला घाम सुती कापड धरून ठेवतं आणि थांबलास की अंगातली ऊब ओढून घेतं. आतून लोकरी किंवा पॉलिस्टरचं घाल. चढाला लागण्याआधीच एक थर काढ, थोडी थंडी वाजू दे. थांबताक्षणी पुन्हा चढव. महागड्या जॅकेटपेक्षा मला ही सवय मोलाची वाटते.

मोठ्या सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याशी जाऊ नकोस. फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे खाली पोकळ खड्डा राहतो आणि वरून तो दिसत नाही. स्नोशू, म्हणजे पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी, भुसभुशीत बर्फासाठी. टणक बर्फावर बुटांना काटे लाव. 30 ते 45 अंशांचा उघडा उतार हिमस्खलनाचा, तिथे वाटाड्याच्या शब्दाबाहेर पाऊल नको.

तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नकोस, अंग आणखी गार पडतं. बाटली उलटी ठेव, पाणी वरून गोठत येतं. काळा चष्मा हवाच.

आपलं चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंच, केदारकांठा 3,800 च्या आसपास. त्या उंचीवर डोकं ठणकून उलटी झाली तर वर जायचं नाही. गारठ्यानं सोबत्याची जीभ अडखळली, पाय लटपटले, तर त्याला आडोशाला ने, ओले कपडे बदल, आणि एकटा सोडू नकोस.

जाण्याआधी पाठीवर ओझं घेऊन चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर चढ-उतार करून ये.