थोडा पातेरा सामाईक चालेल, पाण्याचं भांडं नको

दादा, संगमेश्वरकडे घरी परतून तुम्ही आठ गावठी कोंबड्या पाळल्यात. महिन्याभरात दोन पिल्लं गेली म्हणून आता सगळ्या परड्यावर, म्हणजे घरामागच्या आवारावर, जाळं टाकायचा विचार करताय. पाखरांमुळे कोंबड्यांना रोग येईल का आणि कोंबड्यांमुळे पाखरं निघून जातील का, हेही विचारलंय. जाळं टाकू नका, हे आधी सांगते. बाकीचं सावकाश.

मी गुहागरकडे बावीस वर्षं कोंबड्या पाळतेय. पिल्लं घार नेते, शिक्रा नेतो. कुक्कुडकोंबा, म्हणजे भारद्वाज, अंडी आणि अगदी लहान पिल्लं खातो. पण माझी सर्वांत जास्त पिल्लं डोमकावळ्यांनी नेली आणि त्यांना बोलावणारी मीच होते. एका सकाळी विहिरीजवळ कोलंबी सोलत बसले होते, सालं तिथेच टाकत होते आणि खुराडं तिथून पंधरा पावलांवर. कावळे सालांसाठी आले, माडावर बसले आणि वरून त्यांना पिल्लं दिसली. मी हात धुऊन उठेपर्यंत तीन गेली होती. तेव्हापासून मासळी घराच्या दुसऱ्या अंगाला साफ करते आणि घाण लगेच माडाच्या आळ्यात पुरते. पहिले सहा आठवडे पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवते. आईबरोबर मोकळी सोडते ती मी खळ्यात बसलेली असतानाच.

होडीवरचं जुनं नायलॉनचं जाळं आपल्याकडे सहज मिळतं, म्हणून लोक तेच टाकतात. सैल जाळ्यात कावळा क्वचितच सापडतो, तो हुशार असतो. अडकतात दयाळ, बुलबुल आणि साप. शेजारच्या वाडीत एक धामण अशी अडकली. दोन दिवसांनी दिसली तेव्हा दोरा तिच्या अंगात रुतला होता. त्यांच्याकडे उंदीर आवाक्यात होते ते तिच्यामुळे. जाळी लावायचीच तर फक्त पिल्लांच्या पिंजऱ्याला, बारीक भोकांची, तारेची आणि ताणून लावा.

शिवाय राखणीला तुमच्याकडे कोंबडा आहेच. जमिनीवरून मुंगूस किंवा कुत्रा आला की तो तुटक तुटक कटकट करत राहतो. आभाळातून धोका आला की एकच बारीक, लांब ओढलेली हाक देतो. या दोन हाका तुम्ही कानाने ओळखायला शिका. मागच्या आठवड्यात सकाळी आमच्या कोंबड्याने मान तिरकी करून एक डोळा आभाळाकडे लावला आणि ती बारीक हाक दिली. पिल्लं अबोलीच्या वाफ्यात शिरली ती हललीच नाहीत. शेवग्यावर दयाळ गात होता, तो मधेच थांबला. मग माडामागून शिक्रा निघाला आणि त्याच्या पाठीवर कोतवाल पक्षी तुटून पडला, पार गडग्यापलीकडे नेऊन सोडला त्याला. परड्यातलं एखादं उंच झाड कोतवालासाठी राखा. त्याचं घरटं असलं की घारीसुद्धा त्या बाजूला फिरकताना दहादा विचार करतात.

आता रोगाचं. इथे मात्र हयगय नको. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीला मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता, म्हणजे हे आपल्या दारातलं आहे. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, तर दरवर्षी कुठे ना कुठे असतेच. पाखरांची विष्ठा दाण्यात आणि पाण्यात पडते, तो मुख्य धोका. सातभाई येतात ते अख्खं टोळकं घेऊन, आणि कोंबड्यांच्या पाण्यात अंघोळच करतात. म्हणून कोंबड्यांचं पाणी आणि दाणे पडवीत, छपराखाली ठेवा. दाणे संध्याकाळी खुराड्यात शिरताना द्या, म्हणजे दिवसभर सांडत नाहीत आणि उंदीरही येत नाहीत. पाखरांसाठी मातीचं परळ लांब, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि रोज घासा. मानमोडीची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यातच सुरू होते, पुढच्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. मेलेला कावळा दिसला तर हात लावू नका, दवाखान्यात कळवा आणि कोंबड्या कोंडून ठेवा.

पाखरं जातील का? सगळी नाही. कोंबडी पातेरा, म्हणजे झाडाखाली पडलेला सुका पाला, उकरते तेव्हा साळुंख्या आणि सातभाई मागून येऊन उडालेले किडे टिपतात, दयाळही खाली उतरतो. त्यांचं छान जमतं. पण ज्यांचं पोटच पातेऱ्यावर आहे, त्या कस्तुराला आणि पावसाच्या तोंडावर येणाऱ्या नवरंगाला उकरून उघडी पडलेली जमीन काय कामाची? गांडूळ नाही, गोगलगाय नाही. आमच्याकडे दोन वर्षं नवरंग दिसला नाही, तेव्हा मला हे उमगलं. मग मागच्या आंब्याखालचा आणि करवंदीच्या जाळीकडचा पट्टा वई, म्हणजे कुंपण, घालून कोंबड्यांना बंद केला. तिथला पातेरा झाडत नाही, जाळत नाही. तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये नवरंग पुन्हा आला. मी पडवीत उभी राहून त्याची शीळ ऐकली आणि घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं.

तुमच्या मागे डोंगर आहे, म्हणजे पहाटे रानकोंबडा आरवत असेल. करड्या मानेचा, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांचा, तो आपला सह्याद्रीतला. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण कातडीच्या पिवळ्या रंगाचा जनुक या करड्याकडून आला, हे २००८ च्या संशोधनात दिसलं. तुमच्या कोंबडीचे पाय पिवळे असतील तर त्याचं थोडं देणं तिच्या अंगात आहे. तो परड्याच्या कडेला आला तर दाणे टाकून जवळ आणू नका आणि रानात त्याची अंडी सापडली तर रवणीच्या, म्हणजे अंड्यांवर बसलेल्या, कोंबडीखाली ठेवायला उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आपल्या कोंबड्यांची मानमोडी त्यालाही लागू शकते, आणि त्याला लस टोचायला कोणी जाणार नाही.