इंग्रजी 'फाइन' म्हणजे नक्की काय? छान, बारीक की दंड?

तिन्ही. आणि गंमत म्हणजे तिन्हींचं मूळ एकच: लॅटिनमधला 'फिनिस', म्हणजे शेवट. फिनिश आणि फायनल हे त्याचेच भाऊबंद.

पैसे भरायचे आणि प्रकरण तिथेच संपवायचं, म्हणून दंडाला फाइन. इथे पर्याय पेनल्टी. दुसरीकडे, शेवटापर्यंत नेलेलं काम म्हणजे सफाईदार, उत्तम. त्यातून 'छान' आला, आणि नाजूक, तलम, बारीक हे अर्थही. कापडाला फाइन म्हटलं की तलम, पिठाला म्हटलं की बारीक दळलेलं, फाइन आर्ट्सना आपण ललित कला म्हणतो. सोन्यातही हाच शब्द आहे. दागिन्यावरचा ९१६ हा आकडा फाइननेसचा, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं (२२ कॅरेट).

खरी पंचाईत बोलण्यात होते. 'हाऊ आर यू?'ला 'फाइन' म्हणजे बरं आहे, फार छान नव्हे. चहा विचारल्यावर कोणी 'आय ॲम फाइन' म्हणालं तर कप भरू नका, ते 'नको' आहे. आणि बायको नुसतं 'फाइन' म्हणून गप्प झाली तर... अनुभवी लोकांना सांगायला नको.

म्हणून सरसकट 'एक्सलंट' हा समानार्थी शब्द ठोकू नका. तब्येतीला 'ऑल राइट', कापडाला 'डेलिकेट', दोऱ्याला 'थिन'. 'फाइन फॉर पार्किंग' अशी पाटी दिसली तर मात्र गाडी लावू नका, तिथे दंडच आहे!