जुन्या एसयूव्हीला बाजारातले मडफ्लॅप बसवायचे तर बॉडीला भोकं पाडावीच लागतात का?

तुमची गाडी पंधरा वर्षांपुढची आहे, कंपनीचे मूळ मडफ्लॅप आता मिळत नाहीत, म्हणून तुम्ही बाजारातला सेट आणलात. सोबत मूठभर स्क्रू आले, पण ते कुठे मारायचे हे कुठेच लिहिलेलं नाही. भोकं पाडली तर गंज धरेल का आणि हे काम घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

घरी नक्की जमेल. भोकं मात्र बहुतेक वेळा पाडावी लागत नाहीत आणि जोवर टाळता येतील तोवर टाळाच. नव्या गाडीत मडफ्लॅप हा दिसण्याचा आणि चिखलाचा प्रश्न असतो. जुन्या गाडीत तो आधी गंजाचा प्रश्न असतो, आणि बाकीचे सगळे निर्णय त्यावरून घ्यायचे.

म्हणून सेट बाजूला ठेवा आणि आधी व्हील आर्च बघा. चाकावरच्या या कमानीच्या काठाला बाहेरचा आणि आतला पत्रा एकमेकांवर दुमडून वेल्डिंगने जोडलेला असतो. त्या दुमडीत वर्षानुवर्षं ओली माती बसते. पाण्याच्या धारेने आतून नीट धुवा, पूर्ण वाळू द्या, मग टॉर्च घेऊन काठावरून हात फिरवा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. जिथे रंगाखाली फोड आलेत तिथे खालचा पत्रा बहुधा आधीच कुजलेला असतो. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवला आणि एखाद्या जागी तो धरेनासा झाला, तर तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं समजा. तिथे स्क्रू धरणार नाही. खालून जाड काळा थर मारलेला असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, टोकदार काहीतरी घेऊन टोचून बघा. गंज सापडला तर आधी त्याचं काम करून घ्या. गंजलेल्या काठावर फ्लॅप बसवला तर ओल त्याच्या मागे अडकते आणि उरलेला पत्रा आणखी लवकर जातो.

आर्च ठणठणीत निघाला तर आता कंपनीची भोकं शोधायची. आर्चच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं लायनर असेल तर ते खालच्या टोकाला स्क्रूने किंवा क्लिपने धरलेलं असतं. बहुतेक वेळा मडफ्लॅपसाठी हीच जागा उपयोगी पडते. मागच्या बाजूला बंपरचा कोपरा जिथे आर्चला मिळतो तिथेही एखादा स्क्रू असतो. शिवाय काही गाड्यांत मडफ्लॅपसाठीची भोकं कारखान्यातच पाडून रबरी बुचाने बंद केलेली असतात, आणि वर्षांच्या चिखलाखाली ती दिसतच नाहीत. अशी दोन जुनी भोकं मिळाली की फ्लॅपला त्यांच्या जागी भोकं पाडा. फ्लॅप चुकला तर दुसरा आणता येतो, म्हणून ड्रिल चालवायचं ते फ्लॅपवर.

जुने स्क्रू सहज निघत नाहीत. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. काढताना आधी किंचित घट्ट करायचा, मग सैल, पुन्हा घट्ट, असं मागेपुढे करत आणायचं. एकदम जोर लावला की डोकं तुटून दांडा आत राहतो. ब्लोटॉर्चने तापवायचा मोह आवरा, कारण मागच्या आर्चच्या आतून बऱ्याच गाड्यांत इंधन भरायची नळी जाते. प्लास्टिकच्या क्लिपा इतक्या वर्षांत कडक होऊन काढताना मोडतातच, तेव्हा कामाला बसण्याआधी त्याच मापाच्या नव्या आणून ठेवा.

कधीकधी मात्र खरंच जागा मिळत नाही. मग आधी लायनरच्या किंवा आर्चवर बाहेरून बसवलेल्या जाड आवरणाच्या (क्लॅडिंगच्या) प्लास्टिकमध्ये भोक पाडून काम भागतंय का बघा. नाहीतर जुन्या बोल्टवर एक छोटी लोखंडी पट्टी वाकवून बसवा आणि फ्लॅप त्या पट्टीला लावा. हा मार्ग मला सगळ्यात आवडतो. मेहनत थोडी जास्त आहे, पण बॉडी अखंड राहते आणि उद्या दुसरा फ्लॅप आणला तरी पट्टी तीच चालते.

तरीही पत्र्यालाच भोक पाडायचं ठरलं तर दुमडलेल्या काठावर कधीच पाडू नका. दोन पत्र्यांच्या मधे पाणी शिरलं की तिथला गंज बाहेरून पुसता येत नाही. एकेरी पत्र्यावर, मागे हात पोहोचेल अशी जागा निवडा. ड्रिल लावण्याआधी मागे वायर, ब्रेकची नळी किंवा इंधनाची नळी नाही ना, हे डोळ्यांनी बघा, अंदाजाने नको. आधी पंचने खूण, मग ३ मिमीचं छोटं भोक, मग हवं ते माप. ६ मिमीच्या बोल्टला साडेसहा पुरतं. भोकाची धार कानशीने मोडा आणि लोखंडाचा कीस ब्रशने पूर्ण झटका, कारण तो जिथे पडून राहतो तिथे तांबूस डाग धरतो. मग भोकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर रंग लावा. इथे घाई करू नका. कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून काढलेली असते, म्हणून आतल्या कोपऱ्यांनाही संरक्षण मिळतं. तुम्ही पाडलेल्या भोकाच्या कडेला ते नाही, तिथे उघडं लोखंड आहे. रंग पूर्ण सुकल्यावरच बोल्ट घाला आणि शेवटी मागच्या बाजूने गंजरोधक मेण फवारा. जिथे रस्त्यावर मीठ टाकतात त्या थंड प्रदेशात किंवा समुद्रकाठी गाडी चालत असेल, तर मेणाची ही पायरी गाळूच नका.

सेटसोबत आलेले सेल्फ टॅपिंग (स्वतःच आटे पाडत शिरणारे) स्क्रू पत्र्यासाठी वापरू नका. बॉडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यात त्या स्क्रूची पकड एक-दोन आट्यांचीच. फ्लॅप सतत थरथरतो, भोक मोठं होत जातं आणि रंग निघून जातो. स्टेनलेस किंवा जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉक नट घ्या. नायलॉकमधली नायलॉनची कडी थरथरीने नट सैल होऊ देत नाही. फ्लॅप साध्या रबराचा असेल तर त्याच्या वरून एक आडवी धातूची पट्टी दाबून बसवा, म्हणजे भार भोकांवर न येता पूर्ण रुंदीवर पसरतो. नट आवळताना रबर फुगून बाहेर येऊ लागलं की थांबा.

ड्रिलच्या आधी एक गोष्ट मात्र करायचीच. फ्लॅप मास्किंग टेपने जागेवर चिकटवा आणि गाडी जमिनीवर उभी असताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. जॅकवर घेतलेलं मोजमाप फसवं असतं, कारण चाक लोंबकळतं आणि जागा भरपूर आहे असं वाटतं. टायर आणि फ्लॅपमध्ये किमान दोन बोटांचं अंतर राहू द्या. तुम्ही मूळ मापापेक्षा रुंद टायर टाकले असतील तर अंतर कमी होतं, आणि टायर बाहेर आला असल्यास फ्लॅपची रुंदीही अपुरी पडते. दगड आणि पाणी टायरच्या पृष्ठभागावरून सरळ रेषेत सुटतात, म्हणून टायरची पूर्ण रुंदी झाकली गेली पाहिजे. पुढच्या फ्लॅपसाठी चाक काढायची गरज नसते, स्टिअरिंग वळवलं की हात जाण्याइतकी जागा होते. मागचं चाक काढणार असाल तर गाडी जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर आर्चमध्ये डोकं घालू नका.

उंचीबद्दल लोक सहसा विचारच करत नाहीत. लांब फ्लॅप रुबाबदार दिसतो, पण रिव्हर्स घेताना तो दगडाच्या किंवा फुटपाथच्या कडेच्या आणि टायरच्या मधे सापडतो आणि चाक त्याला खाली खेचतं. त्या ओढीत कुठलीतरी एक गोष्ट तुटणार. ती फ्लॅप किंवा क्लिप असावी, फेंडरचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचा, काठ नसावा. म्हणून मजबुतीच्या नादात चार-चार बोल्ट मारू नका. खालचं टोक जमिनीपासून साधारण १५ सेंमी वर ठेवा, खडबडीत वाटेवर जात असाल तर आणखी वर. मागचे स्प्रिंगचे पट्टे जुने होऊन बसले असतील किंवा गाडी नेहमी भरलेली जात असेल, तर ही उंची भरल्या गाडीवरच मोजा.

मागे सायलेन्सरच्या बाजूला फ्लॅप नळीपासून चांगला लांब हवा, नाहीतर उष्णतेने वाकतो. पुढच्या फ्लॅपचा आतला काठ दाराखालच्या सिलच्या पाणी निघायच्या छिद्रावर येत नाही ना, तेही बघा. ते छिद्र बुजलं तर सिल आतून सडतं.

चारही एकदम जमत नसतील तर पुढचे दोन आधी बसवा. मागचे फ्लॅप मुख्यतः तुमचा बंपर आणि मागून येणाऱ्यांच्या काचा वाचवतात. पुढचे मात्र तुमच्या गाडीचं सिल, दारांचा खालचा भाग आणि मागच्या आर्चचा पुढचा काठ वाचवतात, आणि जुनी एसयूव्ही गंजायला लागते ती बहुधा याच जागांपासून. साच्यातल्या कडक प्लास्टिकपेक्षा मऊ, लवचिक फ्लॅप मला जुन्या गाडीसाठी बरा वाटतो, कारण अडकला तर तो वाकतो. कडक प्रकार आणलेला असेल तर जिथे तो रंगाला टेकतो तिथे पारदर्शक संरक्षक फिल्मची पट्टी आधी चिकटवा. नाहीतर मधे शिरलेली बारीक वाळू थरथरीबरोबर रंग घासून काढते.

बसवल्यावर काही आठवड्यांनी नट पुन्हा तपासा, कारण रबर दाबाखाली बसतं आणि पकड सैल होते. गाडी धुताना पाण्याची धार फ्लॅपच्या वरच्या फटीतही सोडा. वर्षातून एकदा फ्लॅप उतरवून मागची माती काढा आणि मेणाचा नवा हात द्या. बोल्टवर थोडं ग्रीस लावून ठेवलंत तर तेव्हा ते हातासरशी निघतील.