'कुठलेही विमान चालेल' म्हणणारा प्रवासी

प्रश्न : विमानात जागा रिकाम्या दिसतात, तरी स्वस्त तिकीट 'संपले' असे का सांगतात?

त्या जागा उशिरा येऊन जास्त भाडे देणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. किती राखायच्या याचा नियम बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये मांडला. समजा, पूर्ण भाडे १०० आणि सवलतीचे ४०. राखलेली जागा १०० ला जाण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेल तोवर ती राखायची. त्याखाली गेली की ४० ला देऊन मोकळे व्हायचे. म्हणूनच अपेक्षित गिऱ्हाईक आले नाही, तर बंद झालेले स्वस्त भाडे पुन्हा उघडूही शकते.

प्रश्न : मी निवृत्त आहे. सकाळचे विमान काय, संध्याकाळचे काय, मला सारखेच. याचा कंपनीला काही उपयोग?

फार मोठा, आणि त्याचा मोबदला तुम्हाला मिळायलाच हवा असे माझे ठाम मत आहे. दोन विमाने धरा, प्रत्येकी १०० जागांची. सवलतीची २० तिकिटे आधीच विकली, दोन्हींत दहा-दहा. नंतर पूर्ण भाड्याचे प्रवासी सकाळसाठी ९५ आले, संध्याकाळसाठी ८०. सकाळच्या पाच जणांना नाही म्हणावे लागते आणि संध्याकाळी दहा जागा रिकाम्याच उडतात. ते २० जण तुमच्यासारखे असते, तर पाच सकाळी, पंधरा संध्याकाळी बसवून सगळ्यांची सोय झाली असती. मागणी कळल्यावर निर्णय घेण्याची मुभा तुम्ही कंपनीला देता, आणि अंदाज चुकण्याचा धोका तिथेच कमी होतो. गिलेर्मो गॅलेगो आणि रॉबर्ट फिलिप्स यांनी २००४ मध्ये अशा लवचिक तिकिटांचे (भाड्यात सवलत घ्यायची, विमान कंपनीने नंतर ठरवायचे) गणित मांडले. जर्मनविंग्ज ही जर्मन विमान कंपनी तर त्याही पुढे गेली: प्रवाशाने शहरांचा गट निवडायचा, त्यातले नेमके शहर तिकीट काढल्यावरच कळायचे.

प्रश्न : मग सगळेच असे तिकीट घेणार नाहीत का?

कंपन्यांना भीती हीच असते, आणि ती खरी आहे. दोन विमानांत अर्ध्या तासाचेच अंतर असेल, तर पूर्ण भाडे देणाराही सवलतीकडे वळेल. सकाळ-संध्याकाळचे अंतर असले की बैठक गाठायची असलेला माणूस त्या वाटेला जात नाही. मात्र कोणते विमान ते कधी कळवणार, हे तिकीट घेतानाच स्पष्ट लिहिलेले असावे. नसेल तर घेऊ नका.

प्रश्न : चौघांसाठी शोधले की माणशी भाडे वाढलेले दिसते. असे का?

स्वस्त भाड्याच्या गटात तीनच जागा उरल्या असतील, तर बऱ्याचदा चौघांनाही पुढच्या महाग गटाचे भाडे लागते. आधी एकासाठी शोधून पाहा. फरक दिसला तर तिकिटे वेगवेगळी काढा.

प्रश्न : जागांपेक्षा जास्त तिकिटे विकायची आणि ऐन वेळी 'कोणी मागे राहता का?' विचारायचे, ही फसवणूक नव्हे?

विचारणे फसवणूक नाही. न विचारता मागे ठेवणे हा अन्याय आहे. काही प्रवासी येतच नाहीत, म्हणून जादा तिकिटे विकली जातात. अमेरिकेत पूर्वी मागे कोणाला ठेवायचे ते कंपनीच ठरवायची. मोबदला देऊ करा, राजी असेल तो थांबेल, असे अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९६८ मध्ये सुचवले. कंपन्यांनी मानले नाही. अखेर १९७८ मध्ये, आल्फ्रेड कान यांच्या अध्यक्षतेखालच्या तिथल्या नागरी विमान मंडळाने आधी राजीखुशीने थांबणारे शोधणे बंधनकारक केले. पुरेसे लोक पुढे आले नाहीत, तर देऊ केलेली रक्कम वाढत जाते. हो म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: पुढच्या विमानात जागा पक्की आहे का, आणि मोबदला रोख आहे की कूपन.