जुन्या जीपचा गंजलेला तळपत्रा घरीच जोडायचा आहे. अजिबात न येणाऱ्याने कोणतं वेल्डिंग शिकावं?

मिग वेल्डिंग (यात मशीन बारीक वायर आपोआप पुढे सोडतं आणि तीच वितळून पत्रा जोडते) शिका, हातात काडी धरून करायच्या वेल्डिंगचं, म्हणजे रॉडचं मशीन स्वस्त असलं तरी या कामाला घेऊ नका. गॅरेजमध्ये रोज पत्र्याचंच काम करतो म्हणून सांगतो: गाडीच्या बॉडीचा पत्रा साधारण 0.7 ते 1 मिमी असतो, आणि 2.5 मिमीच्या रॉडने नवख्या हातात त्याला भोकच पडतं. मिगमध्ये 0.6 किंवा 0.8 मिमीची वायर आणि आर्गॉन-सीओटूचा मिक्स गॅस वापरा. बिनगॅसची फ्लक्स वायरही (गॅसऐवजी आत फ्लक्सची पूड भरलेली) चालते, पण ती जास्त तापते नि शिंतोडे फार उडवते.

आधी तेवढ्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर हात बसवा. सलग रेघ ओढायची नाही. एक ठिपका इथे, पुढचा लांब दुसऱ्या टोकाला, मधे पत्रा गार होऊ द्यायचा, नाहीतर तो फुगून वाकडा होतो. मागून तांब्याची पट्टी धरली तर भोक सहसा पडत नाही. गंज आणि रंग ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत काढा. गंजावर वेल्ड धरतच नाही.

- बॅटरीच्या वायरी आधी सोडा
- आतलं मॅटिंग, फोम काढा, बादलीभर पाणी जवळ ठेवा
- गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याचा धूर नाकात जाऊ देऊ नका

हे सगळं फक्त तळपत्रा, मडगार्ड असल्या कामापुरतं. चासी, सस्पेन्शन आणि सीटबेल्टचे पॉइंट जाणत्या वेल्डरकडूनच करून घ्या. पेट्रोलच्या टाकीला तर रिकामी असली तरी हात लावू नका, आतली वाफ पेटते.