मोठं काही लिहायचं तर घरच्यांना दुखवावंच लागतं का?

तुमचा हा प्रश्न वाचला. मी झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाचा माणूस, तिथलंच सांगतो. शेती करतो आणि नाटकं लिहितो. वडसा भागातल्या कंपन्या ती करतात. 2023 मध्ये आमच्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून आपणही काही दमदार लिहावं हे खूळ माझ्या डोक्यात बसलं.

आमचा सीझन धान निघालं की दिवाळीला सुरू होतो, होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री उशिरा उघडतं, संपता संपता पहाट. नट घरी नसतो, पोरांची दुखणी बायको एकटी काढते. वाईटच. पण होळीनंतर माणूस परत येतो, राबतो, थोडंफार फेडतो. माझं देणं वेगळं आहे.

पोळ्याच्या सुमारास आमचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दवाखान्यातून आल्यावर बायकोपुढं भाताचं ताट ठेवलं. ती म्हणाली, "सात महिने मी एकटी जेवली नाही जी. आता कशी जेवू?" मी रडत होतो, खोटं नाही सांगत. आणि त्याच वेळी मनात आलं, तिसऱ्या अंकात आईच्या तोंडी हेच पाहिजे. खताच्या बिलामागं लिहून ठेवलं. हुंदका कुठं आला, तेही.

आमच्याकडे तालमी कमी, बाकी प्रॉम्प्टर सांभाळतो. पण त्या वाक्यासाठी नटीला अर्धा तास बसवलं. 'जेवली नाही'वर थांब, 'जी' हळूच सोड.

गावात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या रात्री प्रयोग लागला. घर पाहुण्यांनी भरलेलं. बायको माहेरच्या बायांसोबत पुढंच बसली होती. वाक्य आलं, अख्खा मांडव रडला. ती नाही रडली. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "तवा तुमी रडत होते का लिवत होते जी?"

पुढच्या प्रयोगाला वाक्य काढलं. प्रसंग पडला. त्याच्या पुढच्याला परत टाकलं. त्यामुळं तुम्हाला 'असं करू नका' म्हणायला मला तोंड नाही.

परवा तिची मावशी वारली. रात्री ती काहीतरी सांगायला लागली, माझ्याकडं पाहिलं, आणि विचारलं, मोटारीचं बिल भरलं का.